मशीन बंद पडलं तर कुणाला सांगायचं?

(२००४ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात शिरूर कासार येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुख्याध्यापक सरांचा फोन आला, "वीस मिनिटं बोल, आणि पोरांना करिअरचं काहीतरी सांग." मी म्हटलं, "सर, मला करिअरवर भाषण येत नाही. मी दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करते." सर म्हणाले, "मग तेच सांग." म्हणून आज तेच सांगणार आहे.

माझ्या बॅचच्या लोकांना माझं घर माहीत आहे. आई-अण्णा ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रक यायचा, भांडीकुंडी चढायची, आणि वर्गातले बाक एकेक करून रिकामे व्हायचे. पाडव्याच्या आगेमागे पोरं परत यायची तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असायची. माझं नशीब एवढंच की आजीचे गुडघे चालत होते, म्हणून मी तिच्याजवळ मागे राहिले. माझ्यापेक्षा हुशार दोघी-तिघी त्या ट्रकमधून गेल्या आणि नंतर शाळेत दिसल्याच नाहीत. आज इथं उभं राहून बोलताना हे विसरता येत नाही.

आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात तेव्हा एक सूक्ष्मदर्शक होता. तपासणीच्या दिवशी तो टेबलावर यायचा, बाकी वर्षभर कुलपात. त्याचा फिरवायचा स्क्रू घट्ट बसला होता, म्हणून कुणी वापरत नव्हतं. आणि वापरत नव्हतं म्हणून तो आणखी घट्ट बसत होता. नववीत मी विज्ञानाच्या सरांना विचारलं, "सर, उघडून बघू का?" सर म्हणाले, "बघ. बिघडलेलाच आहे, तू आणखी काय बिघडवणार?" आत जुनं तेल वाळून चिकट झालं होतं. रॉकेलच्या चिंधीनं पुसलं, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकले. त्या दिवशी पूर्ण वर्गानं कांद्याच्या सालीतल्या पेशी पाहिल्या. हेच पुढं माझं पोटापाण्याचं काम होणार आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला दहा वर्षं गेली.

कारण मला डॉक्टर व्हायचं होतं. खरं तर घरात 'डॉक्टर' आणि 'मास्तर' याखेरीज शिकलेल्या माणसाला तिसरा शब्दच नव्हता. अकरावी-बारावी बीडला केली. २००६ ला सीईटी दिली आणि एमबीबीएस थोड्या मार्कांनी हुकलं. आठ दिवस मी कुणाशी बोलले नाही. मी जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवलं होतं, म्हणून इंजिनिअरिंगचा फॉर्म भरता आला. फॉर्म भरताना शाखांच्या यादीत 'बायोमेडिकल' हा शब्द दिसला. त्यात 'मेडिकल' होतं, एवढ्याच कारणावरून मी त्यावर खूण केली. ओळखीतल्या एका जाणत्या माणसानं सांगितलं, "घे, अर्धी डॉक्टरच होशील." ते साफ चूक होतं, पण मला तेव्हा तेच ऐकायचं होतं.

गावात सांगितलं तर लोक म्हणायचे, "म्हणजे रक्त-लघवी तपासायचं का?" अण्णांनी विचारलं, "मशीन दुरुस्त करायला शिकायचं, तर त्यासाठी मुंबई कशाला?" मी दोघांनाही उत्तर देऊ शकले नाही.

मुंबईला गेल्यावर कळलं की शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे विषय थोडे. बाकी सगळं सर्किट, सिग्नल, कंट्रोल आणि गणित. एम-टूमध्ये मला केटी लागली. शिष्यवृत्तीमुळे फी सुटली होती, पण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे उचलीतून यायचे. म्हणजे आई-अण्णांनी पुढच्या हंगामात जो ऊस तोडायचा होता, त्याच्या पैशावर मी केटी काढत होते. पहिली दोन वर्षं मी शाखेवर, सीईटीवर आणि स्वतःवर रागावूनच काढली.

तो राग एका गोष्टीनं उतरला. तिसऱ्या वर्षी वर्गात पेसमेकरचा इतिहास शिकवला. १९५७ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस शहरात डॉ. लिलेहाय नावाचे सर्जन लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करत. काही मुलांना शस्त्रक्रियेनंतर पेसमेकर लागायचा, आणि तो भिंतीतल्या विजेवर चालायचा. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली आणि त्यांचा एक छोटा रुग्ण दगावला. त्यांनी अर्ल बॅकन नावाच्या इंजिनिअरला विचारलं, याला काही करता येईल का? हा बॅकन कोण? १९४९ पासून एका गॅरेजमध्ये दुकान थाटून दवाखान्यांची उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. त्यानं एका मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं सर्किट घेतलं. मेट्रोनोम म्हणजे गाण्याच्या रियाजाला टक-टक ताल देणारं यंत्र. ते सर्किट बदलून चार आठवड्यांत त्यानं बॅटरीवर चालणारा, गळ्यात अडकवता येणारा पेसमेकर बनवला. त्या गॅरेजमधल्या कंपनीचं नाव मेडट्रॉनिक. आज ती जगातल्या सगळ्यात मोठ्या वैद्यकीय उपकरण कंपन्यांपैकी एक आहे.

माझ्या वर्गातल्या मुंबईच्या मुलांनी ही गोष्ट लिहून घेतली. मी मात्र लिहायची थांबले. कारण वीज जाणं म्हणजे काय, हे त्या वर्गात मला जास्त माहीत होतं. त्या वर्षांत आपल्याकडं लोडशेडिंग किती तास असायचं, हे इथल्या मोठ्यांना सांगायला नको. दवाखान्यात वीज गेली की आत काय होत असेल, हा विचार मी तोवर कधी केला नव्हता. त्या दिवशी मी डॉक्टर न झाल्याचं दुःख करायचं थांबवलं.

२०१० ला पदवी झाली. कॅम्पसला सॉफ्टवेअरची नोकरी मिळत होती, पगार बरा होता. दुसरी नोकरी उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत, महिना नऊ हजार, आणि महाराष्ट्रभर फिरती. वर्गातले बरेच जण आयटीत गेले. मी अण्णांना फोन केला. मला वाटलं, ते जास्त पगाराची घे म्हणतील. ते म्हणाले, "मुकादमाची उचल घेतली की पुढचे सहा महिने आपले नसतात. तू नुसती उचल बघून काम धरू नको."

मी नऊ हजारांची नोकरी धरली. पण मुलांनो, याचा चुकीचा अर्थ काढू नका. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ कमावता झाला होता, म्हणून अण्णांना असं म्हणता आलं. घरी कर्ज असेल आणि तुम्ही आधी पगार पाहिलात, तर त्यात कमीपणा काही नाही. माझी एक मैत्रीण पाच वर्षं आयटीत राहिली, घर फेडलं, आणि आज ती उपकरणांमधलं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. तिची वाट लांबची होती, चुकलेली नव्हती.

आता मी केलेली एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका दवाखान्यात सिरिंज पंप दुरुस्तीला आला. हे छोटं यंत्र रुग्णाच्या शिरेत औषध अगदी हळूहळू, ठरलेल्या वेगानं सोडतं. मी मोटर काढली, साफ केली, बसवली. पंप सुरू झाला. नंतर तो तासभर चालवून, किती मिली पाणी बाहेर पडतं ते मोजायचं असतं. माझी शेवटची एसटी सुटत होती. मी तपासणीच्या कागदावर 'बरोबर' लिहून सही केली. माझे वरिष्ठ मागून आले, त्यांनी कागद पाहिला, घड्याळ पाहिलं आणि पंप परत लावायला सांगितला. तासाला दहा मिली लावलं होतं, तेरा मिली पडलं.

ते मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बंद मशीन सगळ्यांना दिसतं. चुकीचं चालणारं कुणाला दिसत नाही, म्हणून तर तुला पगार आहे." ती रात्र मी दवाखान्याच्या बाकावर काढली, सकाळच्या गाडीनं गेले. त्यानंतर मोजल्याशिवाय सही केलेली नाही. माझ्या शिक्षणातला हा धडा कुठल्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हता.

आणि एक प्रसंग, ज्यासाठी मी आज आले. दोन-तीन वर्षांनी एका ग्रामीण रुग्णालयात दुसऱ्याच कामासाठी गेले होते. प्रसूतीच्या खोलीच्या कोपऱ्यात बेबी वॉर्मर उभा होता आणि त्यावर चादरींची चळत होती. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यावर ऊब देणारं हे यंत्र. मी विचारलं, "सिस्टर, हा चालत नाही का?" त्या म्हणाल्या, "सात महिने झाले. सारखा अलार्म वाजायचा, म्हणून बंद ठेवला." उघडून पाहिलं. बाळाच्या पोटावर चिकटवायची एक तार असते, ती त्वचेचं तापमान सांगते, आणि त्याप्रमाणे वरचा हीटर कमी-जास्त होतो. ती तार जोडाच्या जागी, रोज वाकून वाकून, आतून तुटली होती. बाकी सगळं यंत्र ठणठणीत होतं. तार बदलली, तापमान मोजलं, वॉर्मर सुरू झाला. अर्धा तासही लागला नाही.

त्या सात महिन्यांत जन्मलेल्या नाजूक बाळांना आईच्या कुशीत गुंडाळून, जीपमधून मोठ्या दवाखान्यात पाठवलं जात होतं. किती पोचली, हे मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. सिस्टर मात्र एक वाक्य बोलल्या: "मॅडम, मशीन बंद पडलं तर सांगायचं कुणाला, हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

हे एका दवाखान्याचं रडगाणं नाही. २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय आरोग्य अभियानानं देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतली उपकरणं मोजायला घेतली. २९ राज्यांतल्या २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये ७,५६,७५० उपकरणं मोजली गेली. राज्याराज्यानुसार त्यातली १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद निघाली. मशिनं आलेली होती, पैसे खर्च झालेले होते, पण ती चालती ठेवणारं माणूस नव्हतं. त्यानंतर देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयात उपकरणं ९५ टक्के वेळ, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, असं ठरलं. हे कागदावर लिहिणं सोपं आहे. ते प्रत्यक्षात आणायला माणसं लागतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. ती बातमी वाचल्यापासून आमच्या विभागात रोज सकाळचं पहिलं काम म्हणजे नवजात कक्षातला प्रत्येक प्लग आणि वायर हात लावून पाहणं.

तर, ज्यांना या वाटेनं यायचं आहे, त्यांच्यासाठी आता कामाचं बोलते. वह्या काढल्या तरी चालेल.

पहिली गोष्ट, अकरावीला गणित सोडू नका. डॉक्टर व्हायचं म्हणून पुष्कळ मुलं गणित सोडतात. मग नीट हुकली की इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, कारण त्याला सीईटीचा पीसीएम गट लागतो. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवणं जड जातं, मला माहीत आहे. पण मी इथं उभी आहे ती त्या एका विषयामुळं.

दुसरी गोष्ट, पदवीलाच 'बायोमेडिकल' हे नाव असलं पाहिजे असं नाही. ही शाखा थोड्या कॉलेजांत आहे, बहुतेक मुंबईकडं. माझ्याबरोबर काम करणारे निम्मे लोक इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅनिकलचे आहेत. आपल्या मराठवाड्यात नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशन शिकता येतं. आधी रुंद शाखा घ्या, हात बसवा, मग एम.टेक.ला बायोमेडिकलकडं वळा. त्यासाठी गेट परीक्षा असते. २०२० पासून तिच्यात बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत हे पुढचं शिक्षण मिळतं. तिथंच 'बेटिक' नावाचं केंद्र आहे, जिथं डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसून नवी उपकरणं तयार करतात. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्यात जोडलेलं आहे.

तिसरी गोष्ट, ज्यांना चार वर्षं आणि तेवढा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी. दहावीनंतर पॉलिटेक्निक करा. बीडला सरकारी तंत्रनिकेतन आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला की दवाखान्यात टेक्निशियन म्हणून लागता येतं, आणि मार्क चांगले असतील तर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयमध्येही वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड आहे. माझ्या हाताखाली असलेला सगळ्यात पक्का माणूस आयटीआयचा आहे. अवघड मशीन आलं की आम्ही इंजिनिअर त्याच्याकडं बघतो.

चौथी गोष्ट, या क्षेत्रात कामं कोणकोणती आहेत ते आधी समजून घ्या. दवाखान्यात राहून उपकरणं सांभाळणं हे एक. कंपनीकडून फिरतीची दुरुस्ती हे दुसरं. विक्री हे तिसरं. त्यात पैसा आहे, पण महिन्याचं टार्गेट मानगुटीवर असतं. नवं उपकरण तयार करणं हे चौथं. आणि पाचवं, जे कुणी सांगत नाही, ते कागदाचं: उपकरण सुरक्षित आहे हे सिद्ध करून परवाना मिळवणं. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आले, उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग झाले, आणि हे काम जाणणाऱ्यांची गरज वाढली. ज्याला नेटकं लिहिता येतं, नियम बारकाईनं वाचता येतात, त्याला इथं चांगली जागा आहे.

संशोधनात जायचं असेल तर धीर लागतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकारानं भारतीय बनावटीची हृदयाची झडप तयार झाली. पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं टिकलं, आणि ६ डिसेंबर १९९० ला ती झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली. तिसरं मॉडेल फसल्यावर त्यांनी काम सोडलं असतं तर त्यांना कुणी दोष दिला नसता.

पाचवी आणि शेवटची गोष्ट व्यवहाराची. नोकरी लावताना कुणी मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला मागितली, तर देऊ नका. बाँडवर सही करण्याआधी वाचा, दुसऱ्याला वाचायला द्या. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे आईवडिलांना आधीच सांगा. इंजिनिअर म्हणजे लगेच चारचाकी, असं त्यांना वाटत असेल, तर पहिल्या दोन वर्षांत घरात वाद होतात. आणि मुलींनो, टूलबॅग घेऊन गेलात की लोक विचारतील, "इंजिनिअर साहेब कुठं आहेत?" मला अजून विचारतात. मी स्क्रू ड्रायव्हर काढते आणि कामाला लागते.

पालकांना एकच विनंती. पोरगी कुठली शाखा घेते, यावर भांडण्याआधी तिला ते काम करणारा माणूस एकदा दाखवा. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं डॉक्टर दिसतात, नर्स दिसतात. पण त्या मशिनींकडंही बोट दाखवून विचारा, हे कोण सांभाळतं? मला बारावीत हे कुणी दाखवलं असतं, तर माझी रागातली दोन वर्षं वाचली असती.

माझ्या बॅचला मी आधीच सांगितलंय, तुमच्यासमोरही सांगते. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक शनिवार मी शाळेत येईन. येताना मोडीत काढलेले बीपीचे यंत्र, थर्मामीटर, जुना ईसीजी घेऊन येईन. ते उघडायचे, जोडायचे, बिघडले तर बिघडू द्यायचे. बॅचमधले जे शिक्षक, वायरमन, नर्स, शेतकरी आहेत, त्यांनीही आपापला एक शनिवार द्यावा. मुलांना सगळी कामं जवळून दिसू द्या, मग त्यांना ठरवू द्या.

आणि सर, आत्ता येताना मी प्रयोगशाळेत डोकावले. तो सूक्ष्मदर्शक अजून आहे. स्क्रू पुन्हा घट्ट बसलाय. जेवणानंतर नववीतल्या ज्या कुणाला वेळ असेल त्यानं तिकडं यावं, आपण तो उघडू. तेल मी आणलंय.

माझ्या आजीला, आई-अण्णांना आणि "उघडून बघ" म्हणणाऱ्या सरांना नमस्कार करून थांबते.